साचेकाकांचा पिवळा गोळा

साचेकाकांना राग आला की ते आधी हातातला ब्रश नीट धुतात आणि मग भांडतात. ब्रश धुऊन, निथळून, फडक्याला पुसून होईपर्यंत समोरचा माणूस बहुतेक वेळा कंटाळून निघून जातो. त्यामुळे उभ्या आयुष्यात काकांची म्हणावी अशी भांडणं झालीच नाहीत. एकदाच समोरची बाई निघून गेली नाही. स्टूल ओढून बसली आणि ब्रश धुऊन होण्याची वाट बघत राहिली. पण तिच्याकडे नंतर येऊ, तिला घाई नव्हती तर आपल्याला कशाला?

काका वैद्यकीय कॉलेजात शरीराची मॉडेलं बनवतात. प्लास्टर, मेण, रबर, रंग आणि साचे. या साच्यांवरूनच मुलांनी त्यांचं नाव पाडलं, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव आता फक्त पगाराच्या दिवशी कामाला येतं. खोली तळघरात. तिला खिडकी एकच, तीही छताला टेकलेली, आणि तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते बूट दिसतात. काका बुटांवरून माणसं ओळखतात. प्राचार्य कुठले आणि प्राचार्यांकडे तक्रार घेऊन निघालेले कुठले, हे त्यांना चालीवरून कळतं.

फळ्यांवर उशीएवढी मूत्रपिंडं, मांजराएवढं हृदय, आणि कोपऱ्यात तो प्रसिद्ध कान. कान प्रवासाच्या बॅगेएवढा आहे आणि आत कोपरापर्यंत हात जातो. पडद्यामागच्या पोकळीत काका बिस्किटं लपवतात. मुलांना हे ठाऊक आहे, आणि मुलांना ठाऊक आहे हे काकांनाही ठाऊक आहे. म्हणून ते चांगली बिस्किटं यकृताच्या मागे ठेवतात आणि कानात साधी.

इथं येण्याआधी काका कपड्यांच्या दुकानांत उभे करतात ते पुतळे बनवायचे. नाक हा त्यांचा हातखंडा. त्याच कारखान्यात पुतळ्यांना कपडे शिवून चढवणारी एक मुलगी होती. ती एके दिवशी तावातावानं येऊन म्हणाली, "तुमच्या बायकांचे हात कोपरात वाकत नाहीत. बाही घालू कशी? दुसऱ्यांदा ब्लाउज उसवतेय मी." काकांनी ब्रश धुवायला घेतला. ब्रश धुऊन झाला तरी ती तिथंच उभी होती. काकांनी मुकाट्यानं पुतळ्याचा हात खांद्यातून सुटा करून दिला, आणि वर्षाच्या आत तिच्याशी लग्न केलं. तीच काकू. आता ती घरी मशीनवर कोट, जाकिटं, पडदे उसवून नीट करून देते, आणि काकांना उसवायचं कामही अधूनमधून करते.

हो, म्हणजे समोरून न हललेल्या बायका दोन झाल्या. एकदाच म्हटलं होतं ना मी? लग्नाला कोणी भांडणात धरत नाही, म्हणून चुकलं.

तर काकांचा खरा अभिमान म्हणजे त्यांची रक्तवाहिनी. हातभर लांब, उभी अर्धी कापलेली, आतून लालचुटुक गुळगुळीत. मधोमध एक पिवळा गोळा. गोळ्याच्या पोटात लोहचुंबक आहे, त्यामुळे अंगठ्यानं जरा दाबलं की तो 'टच्' करून निघून येतो. सर लोक वर्गात म्हणायचे, हा गोळा बसला, रक्त अडलं. टच्. हा निघाला, रक्त सुरू. मुलं खूश, सर खूश. कॉलेजातून बाहेर पडलेल्या कितीतरी डॉक्टरांनी तो गोळा अंगठ्यानं काढून पाहिलेला आहे, आणि त्यातल्या निम्म्यांनी तो हरवलेला आहे. पडला की तो गडगडत कपाटाखालीच जायचा, दुसरीकडे कुठं नाही. काका जादा गोळे डब्यात तयारच ठेवायचे. सगळ्यात जास्त गोळे हरवले ते एका लांबलचक मुलानं, ज्याच्या हातात काही टिकतच नसे. काका त्याला धडपड्या म्हणायचे. पुढे हाच धडपड्या मोठा हृदयाचा डॉक्टर झाला, आणि काकांना ते कळलं तेव्हा त्यांनी आधी हृदयांची काळजी केली.

मग एक दिवस प्लास्टरचं कंबरेचं हाड घेऊन जिना चढताना काकांच्या छातीत कोणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. काका थांबले. जिन्यावरून कोणी येत होतं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून रंगाचे पापुद्रे तपासू लागले. दुसऱ्या दिवशीही तपासले. आठवडाभरात कॉलेजभर झालं की काकांना जिन्याच्या रंगाची फार काळजी. घरी इमारतीच्या जिन्यातही त्यांनी भिंत बघायला सुरुवात केली, तेव्हा मात्र काकूनं पिशवी खाली ठेवली.

"काय बघताय?"

"रंग उडालाय."

"रंग तुमच्या तोंडावरचा उडालाय. चला."

आणि तिनं काकांना थेट धडपड्यासमोर नेऊन बसवलं. तपासण्या झाल्या. धडपड्या आता भारदस्त झाला होता, पण टेबलावरचं पेन त्यानं दोनदा पाडलंच. "काका, हृदयाच्या एका वाहिनीत चरबीचा साठा झालाय," तो म्हणाला. "अजून रक्त जातंय, त्यामुळे आत नळी घालायची गरज नाही. ही गोळी रोज, कायमची. सिगारेट बंद. रोज चाला. गोळी चुकवायची नाही, चुकवली आणि तो साठा फुटला तर पंचाईत. बाकी तुम्हाला मी काय सांगू? तुमच्याच मॉडेलवर शिकलोय मी." तो हसला, काकाही हसले, आणि बाहेर रांग होती म्हणून बोलणं तिथंच संपलं.

आता बघा, चूक कोणाची म्हणायची? दुसरा कोणी असता तर डॉक्टरनं त्याला कागदावर चित्र काढून समजावलं असतं. पण हा पडला रक्तवाहिनीवाला. याला काय समजवायचं, असं डॉक्टरला वाटलं. आणि काकांनाही तेच वाटलं. छातीतल्या गोळ्याचं ऐकून पोटात गोळा आला होता खरा, पण तो कसला असतो, कसा बसतो, कसा निघतो, हे आपल्याइतकं कोणाला कळणार? आपणच तर तो इतकी वर्षं घडवतोय.

काही महिने काकांनी गोळी इमानेइतबारे घेतली. त्यांची खात्री होती की गोळा हळूहळू सैल होतोय. पुढच्या तपासणीला ते नवा शर्ट घालून गेले. धडपड्यानं चित्रं पाहिली आणि म्हणाला, "छान. जसा होता तसाच आहे."

"जसाच्या तसा?"

"जसाच्या तसा. उत्तम. गोळी चालू ठेवा."

काका घरी आले ते विचारातच. जसाच्या तसा, आणि हा म्हणतो उत्तम. म्हणजे गोळा निघाला नाही. पण गोळी तर चालूच ठेवायची. म्हणजे एक ना एक दिवस तो निघणार. आणि इथं काकांच्या मनात जो प्रश्न आला तो जगात दुसऱ्या कोणाच्याही मनात आला नसता. निघाल्यावर तो जाणार कुठं? मॉडेलमधला कपाटाखाली जातो. माझ्यात कपाट कुठंय? तो रक्ताबरोबर गडगडत पुढे जाणार, पुढे वाहिनी अरुंद, आणि तिथं जाऊन बसला की संपलं. धडपड्याला काय, त्यानं उभा जन्म गोळे हरवण्यात घालवला.

त्या विचारानं काका इतके घाबरले की त्यांनी गोळी बंद केली. आहे तिथं आहे, सुखानं बसलाय, कशाला त्याला हलवा. काकूला सांगितलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून त्यांनी तिला सांगितलं, गोळी आता दुपारी जेवणानंतर, कामावर घेईन. गोळ्यांची पाकिटं कामावर गेली आणि सरळ कानात पडली. जेवणानंतर मागच्या पायऱ्यांवर बसून एक सिगारेट तेवढी चालू राहिली. तिचा गोळ्याशी काय संबंध?

अशात कॉलेजात नव्या मॅडम आल्या. वयानं काकांच्या मुलीसारख्या, बूट मळके आणि चाल वाऱ्यासारखी. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी हा त्यांचा विषय. पहिल्याच आठवड्यात त्या तळघरात उतरल्या, काकांची रक्तवाहिनी हातात घेतली, गोळा टच् करून काढला, परत बसवला, पुन्हा काढला.

"काका, फार सुंदर काम आहे," त्या म्हणाल्या. "चूक आहे, पण सुंदर आहे."

काकांनी ब्रश धुवायला घेतला. मॅडमनी स्टूल ओढलं आणि बसल्या. काकांनी ब्रश दोनदा धुतला. वळून पाहिलं तर मॅडम तिथंच, आणि हातात कानातलं बिस्किट.

"चूक म्हणजे?" काका म्हणाले. "रंग चुकला? जाडी चुकली?"

"जागा चुकली."

"इतकी वर्षं एवढे डॉक्टर यावर शिकले."

"मीही अशाच एका मॉडेलवर शिकले. चला वर, दाखवते."

वर मॅडमच्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता. काकांनी आधी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग चुकून दोन्ही. शेवटी चष्मा कपाळावर चढवल्यावर दिसलं. गुलाबी रंगाचं एक कडं, मध्ये भोक.

"भोकातून रक्त जातं," मॅडम म्हणाल्या. "भोकात काही चिकटलंय?"

"नाही. पण भोक वाकडं आहे. एका बाजूनं भिंत सुजलीय. दाढ दुखल्यावर गाल सुजतो तशी."

"बरोबर. तो तुमचा गोळा. तो भिंतीवर नाही, भिंतीत आहे."

काका पुन्हा वाकले. मॅडम शेजारून सांगत होत्या, आणि त्यांची सांगायची पद्धत शेजारच्या घरातली भानगड सांगावी तशी होती. वाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं. सिगारेटचा धूर, वाढलेलं ब्लडप्रेशर, रक्तातली साखर, यांनी ते अस्तर बिघडतं. चिकट होतं, त्याचे सांधे सैल पडतात, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली झिरपतं. ते साफ करायला रक्तातल्या सफाईवाल्या पेशी आत शिरतात आणि खाऊन खाऊन टम्म फुगतात.

"इथपर्यंत सगळे सांगतात," मॅडम म्हणाल्या. "पुढची गंमत ऐका. अस्तराच्या खाली स्नायूंच्या पेशी असतात, लांबट, जिऱ्यासारख्या. कामाच्या पक्क्या. आवळायचं, सैल सोडायचं, जन्मभर तेवढंच. पण शेजारी असा धुमाकूळ सुरू झाला की त्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. आवळणं-सोडणं विसरतात, आपली जागा सोडून अस्तराखाली येतात आणि भराभर वाढतात."

"आणि येऊन करतात काय?"

"काही धागे विणतात आणि चरबीवर झाकण घालतात. काही स्वतःच चरबी खायला बसतात. खाऊन अशा फुगतात की सफाईवाली कुठली आणि घरची कुठली, ओळखू येत नाही. आम्ही कितीतरी वर्षं सगळ्यांना बाहेरच्याच समजत होतो. त्यातल्या बऱ्याचशा घरच्या निघाल्या."

"म्हणजे घरभेदी."

"तसं नका म्हणू. झाकणही घरच्याच विणतात. त्यांनी विणलं नाही तर सगळं उघडं पडेल."

काकांचा हात नकळत खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाकडे गेला आणि तिथंच थांबला. मॅडमना आपल्या छातीबद्दल सांगावं असं एकदा ओठांवर आलं. पण सांगितलं तर त्या गोळीबद्दल विचारणार, आणि मग काकूपर्यंत जाणार. ते एवढंच म्हणाले, "नवीन करून देतो. पण गोळा निघायला हवा. मुलांना तेवढंच आवडतं."

"निघाला तर काढा," मॅडम म्हणाल्या.

काका कामाला लागले. बाहेरून रबर, आत स्नायूंच्या थराला जाड लोकर, तिच्यात निळे जिऱ्याचे दाणे ओळीनं बसवलेले. काही दाणे ओळ सोडून वर निघालेले, काही खाऊन फुगलेले. फुगलेल्यांना काकांनी दुकानातल्या पुतळ्यांसारखी बारीकशी नाकं काढली होती, ती मॅडमनी पुसायला लावली. कामात जीव रमला होता, पण प्लास्टरची पोती उचलून आणताना पुन्हा भिंतीचा रंग बघायला लागत होता. पूर्वी जिन्याच्या मधल्या वळणावर बघायचे, आता खालच्या पायऱ्यांवरच. हे त्यांना कळत होतं, आणि ते त्याकडे बघत नव्हते.

अडलं ते गोळ्यापाशी. गोळा अस्तराखाली बसवला की निघेना. ओढला तर अस्तर फाटायचं, जोर लावला तर लोकर निळ्या दाण्यांसकट उपटून यायची. शेवटी काका सगळं पिशवीत घालून घरी काकूकडे घेऊन गेले. काकू मशीनवर होती, ओठांत टाचण्या.

"अगं, याला गुळगुळीत कापडाचं अस्तर शिवून दे. आणि एका बाजूला लहानशी चेन लाव."

काकूनं टाचण्या काढल्या. "चेन कशाला?"

"गोळा बाहेर काढायला."

"माणसाच्या रक्तवाहिनीला चेन असते?"

"नसते."

"मग?"

काकूनं अस्तर आणि लोकर यांच्यामध्ये दोन बोटं घालून चाचपून पाहिलं. कोटाच्या अस्तराआड गेलेली नाणी काढून देण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. "असं आत गेलं की उसवल्याशिवाय निघत नाही," ती म्हणाली. "म्हणजे तुमचा तो टच् करून निघणार नाहीच."

"नाहीच ना. आणि मी उगाच..." काकांनी जीभ चावली.

काकूची बोटं थांबली. "उगाच काय?"

"उगाच एवढे दिवस चुंबक बसवत बसलो."

"गोळ्या घेताय ना वेळेवर?"

"घेतोय की."

काका खोटं बोलताना कानाची पाळी चोळतात. काकूनं पाळीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि टाचण्या परत ओठांत धरल्या. अस्तर तिनं शिवून दिलं, चेन न लावता. काकांना रात्रीचं जेवण गेलं नाही.

खरं सांगायचं तर काकांना त्याच वेळी शहाणपण यायला हवं होतं. गोळा सुटा नाही, म्हणजे तो सुटून गडगडणार नाही, म्हणजे गोळी घ्यायला भीती नाही. इतकं सरळ होतं. पण माणूस एकदा हट्टानं चुकला की त्याला नवा आधार लगेच सापडतो. काकांनी मनाशी म्हटलं, निघणारच नसेल तर गोळी हवी कशाला?

मॉडेल तयार झालं तेव्हा मॅडम खाली आल्या. गोळा आता प्लास्टरचा नव्हता. चरबी मऊ असते असं मॅडमनी सांगितलं होतं, म्हणून काकांनी मेणात तेल घालून लोण्यासारखा पिवळा लगदा केला होता. लगदा मुलांना नीट दिसावा म्हणून त्यावरचं अस्तर कापून तिथं पारदर्शक रबराचं झाकण बसवलं होतं, अगदी पातळ, कांद्याच्या पापुद्र्याएवढं. त्या पातळपणाचा काकांना फार अभिमान होता. वाहिनीचं एक टोक हातपंपाला जोडलं होतं, दुसरं बादलीत. पंप दाबला की लाल पाणी वाहायचं, हृदयासारखं थांबून थांबून.

काकांनी पंप दाबला. लाल पाणी वाहिलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. काकांनी अजून दाबला, जरा ऐटीत. झाकण एका कडेला उचललं, थरथरलं आणि फाटलं. पिवळा लगदा भसकन आत आला, पुढच्या अरुंद भागात जाऊन बसला आणि बादलीत पडणारी धार बंद झाली. पंप हातात कडक झाला. काका दाबत होते आणि काही जात नव्हतं.

"काका," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते, "हे तर मी सांगितलंही नव्हतं. अगदी असंच होतं. झाकण फाटतं, आतलं बाहेर येतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि रस्ता बंद. हाच हार्ट अटॅक. आपण हे वर्गात करून दाखवू."

काका स्टुलावर बसले. पंप अजून हातातच होता. "झाकण पातळ होतं," ते हळूच म्हणाले.

"हो. पातळ झाकणाचाच घात असतो. गोळा केवढा आहे त्यापेक्षा झाकण कसं आहे याला महत्त्व."

"आणि ते जाड कशानं होतं?"

"रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी केलं की आतला धुमाकूळ शांत होतो. मग तुमचे ते निळे दाणे निवांत धागे विणतात. चित्रात गोळा जसाच्या तसा दिसेल, पण वर झाकण घट्ट. ती रोजची गोळी देतात ना, ती एवढ्यासाठीच. लोकांना वाटतं गोळा गेला नाही म्हणजे औषध फुकट."

जसाच्या तसा. उत्तम. काकांना धडपड्याचा चेहरा आठवला, आणि तो 'फुटला तर' म्हणाला होता तेही आठवलं. तेव्हा त्यांना हसू आलं होतं, प्लास्टर कधी फुगून फुटतं का म्हणून.

ते पंप ठेवून उठले. कोपऱ्यात गेले, कानात कोपरापर्यंत हात घातला. आधी बिस्किटांचा पुडा आला, मग गोळ्यांचं एक पाकीट, मग अजून एक, मग अजून. मॅडम बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरत गेला आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"हे कोणाचं?"

"माझं."

"कधीपासून बंद आहे?"

"तुम्ही यायच्या आधीपासून," काका म्हणाले. "मला वाटलं, गोळा सुटेल आणि कपाटाखाली जाईल."

मॅडमना कपाटाचं काही कळलं नाही, पण बाकी सगळं कळलं. त्यांनी सिगारेटचं पाकीट मागून घेतलं, गोळ्या आणि फाटलेलं मॉडेल काकांच्या पिशवीत भरलं आणि काकांना आपल्या गाडीत घालून धडपड्याकडे नेलं. धडपड्यानं रांग थांबवली. पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या, आणि त्या संपेपर्यंत त्याच्या हातातून एकही वस्तू पडली नाही, ते बघून काकांना जास्तच भीती वाटली. शेवटी तो समोर येऊन बसला.

"थोडक्यात निभावलंय, काका. आजपासून गोळी पुन्हा सुरू, आणि जिन्यात थांबायला लागलं की लगेच फोन." मग जरा थांबून म्हणाला, "मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हाला काय सांगायचं."

"मलाही तेच वाटलं होतं," काका म्हणाले.

घरी जाताना काकांनी इमारतीच्या जिन्यात भिंतीकडे पाहिलं नाही. सावकाश चढले, दर वळणावर उघड उघड थांबले. शेजारीण म्हणाली, बरं नाही का? काका म्हणाले, नाही, बरं नाही.

काकू कुठल्याशा कोटाची बाही उसवत होती. काकांनी पिशवीतून फाटलेलं मॉडेल काढून टेबलावर ठेवलं आणि शेजारी गोळ्यांची पाकिटं, जशी कानातून निघाली तशी. काकूनं पाकिटं पाहिली. एकेक उचलून हातात धरली आणि खाली ठेवली. काकांना वाटत होतं ती आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"घाबरलो होतो गं," काका म्हणाले. "तुला सांगायलाही घाबरलो."

"आणि तुम्हाला काही झालं असतं तर? मी काय केलं असतं?" ती म्हणाली. "तुमचे ते कान, मूत्रपिंडं घेऊन बसले असते?"

काका रडत होते. काकूही रडत होती, पण तिचे हात रिकामे राहत नाहीत. तिनं मॉडेल ओढून घेतलं, फाटलेलं झाकण उलटंपालटं करून पाहिलं आणि नाक पुसत म्हणाली, "एवढं पातळ कोणी लावतं का? शिवणकामातलं काही कळत नाही तुम्हाला. दुहेरी घालते. दिसलं नाही मुलांना तरी चालेल."

"जाडच घाल," काका म्हणाले.

ती आत जाऊन पाणी घेऊन आली. पाकिटातून गोळी काढून काकांच्या तळहातावर ठेवली, गिळेपर्यंत समोर उभी राहिली. "आ करा." काकांनी आ केला. "जीभ वर." काकांनी जीभ वर केली. मग तिनं काकांच्या शर्टावर, डाव्या बाजूला, इस्त्री बसवावी तसा तळवा दाबून ठेवला.

"राहायचं इथंच, शहाण्यासारखं," ती गोळ्याला म्हणाली. "आणि तुम्हीपण."